कॅलेथियाची पानं का करपतात?

नर्सरीतून आणलेलं कॅलेथिया, घरात ठेवायचं शोभेच्या पानांचं झाड, पहिले पंधरा दिवस छान दिसतं. मग पानांच्या कडा तपकिरी पडतात, टोकं कुरकुरीत होतात, एखादं पान सुरळी होऊन बसतं. घरातला प्रत्येक जण उपाय सुचवू लागतो. कुणी पाणी वाढवतं, कुणी खत घालतं, कुणी चहाचा चोथा आणून टाकतं, आणि झाड आणखी लवकर खंगतं. शेवटी "हे आपल्याकडे टिकत नाही" म्हणून त्या कुंडीत मनीप्लांट लागतो.

आपल्याकडे कॅलेथिया टिकतं, आणि चांगलं टिकतं. त्याचा पाण्याचा हिशेब मात्र समजून घ्यावा लागतो. पानांतून जितकं पाणी वाफ होऊन हवेत जातं, तितकं मुळांनी खालून वर चढवलं पाहिजे. हा मेळ मोडला की सगळ्यात आधी कडा आणि टोकं करपतात, कारण पानात पाणी पोचण्याची ती शेवटची ठिकाणं. मेळ दोन बाजूंनी मोडू शकतो. एक तर हवा पानातलं पाणी फार जोरात ओढते, नाही तर मुळं पुरेसं देऊ शकत नाहीत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि उपाय मात्र उलटे असतात. बहुतेक झाडं मरतात ती या गोंधळात.

मूळ घर

बाजारात कॅलेथिया म्हणून मिळणारी बहुतेक झाडं दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली आहेत, त्यातली बरीचशी ब्राझीलची. २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांतल्या बहुसंख्य जातींना गोएपर्टिया या प्रजातीत हलवलं, पण नर्सरीत जुनंच नाव चालतं. आरारूटचं पीठ ज्या झाडाच्या कंदापासून काढतात तेही याच कुळातलं.

या झाडांचं घर म्हणजे घनदाट जंगलाचा तळ. वरच्या झाडोऱ्यातून गाळून जमिनीपर्यंत येणारा प्रकाश एक-दोन टक्केच असतो. तो मिळेल तितका टिपता यावा म्हणून पान रुंद आणि पातळ. त्या जंगलात हवा कायम दमट असल्यामुळे पाणी राखून ठेवणारी जाड कातडी या पानाला कधी लागलीच नाही. कोरफडीच्या किंवा रबर प्लांटच्या पानाला बोट लावा आणि मग कॅलेथियाच्या पानाला लावा, फरक लगेच कळेल.

रात्री नऊ-साडेनऊला या झाडाजवळ जाऊन बघा. दिवसा आडवी पसरलेली पानं उभी झालेली दिसतील. देठ जिथे पानाला मिळतो तिथे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, थोडी फुगीर, गुळगुळीत गाठ असते. या गाठीच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या होतात आणि पान उचललं जातं. लाजाळूचं पान मिटतं तेही अशाच सांध्यामुळे. म्हणून ही रोजची हालचाल तब्येत ओळखायला उपयोगी पडते. पानं वर-खाली होत असतील तर काळजी नको. ती एकाच जागी थिजली असतील तर प्रकाश फार कमी पडतोय किंवा पाण्याचा ताण आहे.

हवा किती ओढते

आर्द्रतेबद्दल सगळेच बोलतात, पण आकडे बघितल्याशिवाय त्याचं गांभीर्य कळत नाही. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता ७० टक्के असेल तर त्यातलं १६ ग्रॅम आधीच भरलेलं असतं, म्हणजे हवेची तहान उरते ७ ग्रॅमची. आता पुणे, नाशिक किंवा नागपूरची एप्रिलमधली दुपार घ्या. तापमान ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. ३८ अंशांच्या हवेत सुमारे ४६ ग्रॅम बाष्प मावतं, आणि असतं जेमतेम ९ ग्रॅम. तहान ३७ ग्रॅमची, म्हणजे पहिल्या हवेच्या पाचपट. कॅलेथियाची मुळं कितीही निरोगी असोत, एवढ्या वेगाने पाणी चढवणं त्यांना जमत नाही. पान स्वतःची पर्णरंध्रं मिटून घेतं, गुंडाळून उघडा भाग कमी करतं, आणि तरीही कडा वाळतात.

मुंबई, रत्नागिरी, गोव्यात हा त्रास बराच कमी. तिथली हवा बारा महिने दमट असते. तिथे कॅलेथिया करपलं तर पहिला संशय एसीच्या झोतावर घ्यावा आणि दुसरा पाण्यावर.

परदेशातल्या मराठी घरांत हेच संकट थंडीत येतं. बाहेर शून्य अंश असताना घनमीटरभर हवेत पाचेक ग्रॅमच बाष्प मावतं. तीच हवा हीटरने २१ अंशांपर्यंत तापवली की घरातली आर्द्रता पंचवीस टक्क्यांवर येते. टोरांटोतला जानेवारी आणि पुण्यातला एप्रिल झाडाच्या दृष्टीने एकाच जातीचे.

स्प्रे बाटलीने पानांवर पाणी फवारणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे आणि सगळ्यात कमी कामाचा. फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि खोलीची आर्द्रता होती तिथे परत येते. पावसाळ्यात तर ओल्या पानांवर बुरशीचे डाग पडतात. फवारणी करायचीच असेल तर धूळ धुण्यासाठी करा, पण ती आर्द्रता वाढवते या भरवशावर राहू नका. कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेली थाळी ठेवली तर फरक पडतो, पण फार थोडा.

फरक पडतो तो झाडं एकत्र ठेवल्याने. दहा-बारा कुंड्या दाटीने ठेवल्या की त्यांच्या मधली हवा बाकी खोलीपेक्षा दमट राहते. त्याहून परिणामकारक म्हणजे बंद काच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी एकोणिसाव्या शतकात हे ओळखलं आणि काचेच्या बंद पेट्यांत झाडं वाढवली. १८३३ साली अशा पेट्यांतून नेचे लंडनहून सिडनीपर्यंत जिवंत पोचले. पुढे चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणायलाही याच पेट्या वापरल्या गेल्या. घरात जुनं काचेचं कपाट किंवा रिकामा फिशटँक असेल तर लहान कॅलेथियासाठी तो उत्तम. विदर्भात आणि मराठवाड्यात आणखी एक सोय हाताशी आहे, ती म्हणजे कूलर. कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंडही असते आणि दमटही. फक्त झाड थेट झोतासमोर ठेवू नका, बाजूला ठेवा.

पाणी कुठलं

आता हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे मुळं. पण मुळांकडे जाण्याआधी पाण्यात काय विरघळलंय ते बघायला हवं. पानातून उडून जातं ते शुद्ध पाणी. त्यातले क्षार मागे पानातच राहतात, आणि पाण्याचा प्रवास जिथे संपतो तिथे, म्हणजे टोकाला आणि कडेला, साचतात. कॅलेथियाचं कूळ क्षारांना आणि विशेषतः फ्लोराइडला फार हळवं आहे. ड्रसीना आणि स्पायडर प्लांट यांचंही तसंच.

तानसा-भातसाचं मुंबईचं पाणी किंवा खडकवासल्याचं पुण्याचं नळाचं पाणी कॅलेथियाला सहसा चालतं. अडचण येते बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याची. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत तर भूजलात फ्लोराइडही जास्त आहे. बादलीला किंवा नळाच्या तोटीला पांढरा थर चढत असेल तर तेच पाणी कुंडीतही तसाच थर सोडत असणार. पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा (टीडीएस) दाखवणारा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. माझ्या मते २०० च्या खालचं पाणी निर्धास्त द्यावं, ४०० च्या वरचं कॅलेथियाला देऊ नये.

"पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग द्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. त्याने क्लोरीन उडून जातो. क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात, उलट थोडं पाणी उडाल्यामुळे किंचित घट्टच होतात.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या सगळ्या झाडांची टोकं जळत होती. मी विचारलं, "काकू, पाणी कुठलं घालता?" त्या म्हणाल्या, "अगं, आरओमधून जे वाया जातं ना, ते बादलीत धरते. फुकट का घालवायचं?" भावना लाखमोलाची, पण आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून नेमके त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं. नळाचं पाणी ५०० टीडीएसचं असेल तर ते पाणी सहज त्याच्या दीडपट निघतं. ते फरशी पुसायला, संडास धुवायला वापरावं. काकूंनी आता एसीच्या नळीतून गळणारं पाणी धरायला सुरुवात केली आहे. हवेतली वाफ थंड होऊन बनलेलं ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं आणि शोभेच्या झाडांना छान चालतं. पावसाचं पाणी त्याहून चांगलं. जून ते सप्टेंबर गच्चीवर एक स्वच्छ टब ठेवला तरी घरातल्या पाच-सहा कुंड्यांची सोय होते. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवला असेल तर ते मऊ पाणी झाडांना घालू नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

कुंडीच्या तळाशी काय चालतं

नर्सरीवाले बहुतेकदा लाल मातीत झाड देतात. पिशवीतल्या गुलाबाला किंवा जास्वंदीला ती ठीक, कॅलेथियाला घट्ट होते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असेल तर मुळं ऑक्सिजन घेतात आणि त्या जोरावर पाणी आत ओढतात. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. म्हणूनच ओल्या मातीतलं झाडसुद्धा तहानेने मरतं.

पाणी कुंडीत कसं थांबतं हे कळायला भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. पुन्हा थांबल्यावर दाबून बघा, वरचा भाग ओलसर असेल आणि खालचा अजूनही चिंब. कुंडीतल्या मातीचंही हेच होतं. छिद्र कितीही मोठं असो, तळाशी काही सेंटिमीटर चिंब थर राहतोच. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते. माती जितकी बारीक तितका थर जाड.

आता तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालायची आपली जुनी रीत बघा. पाणी बारीक मातीतून मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. चिंब थर खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर सगळं मिश्रणच भरड करावं लागतं. मी स्वतः दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके दाणे), एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि एक भाग गांडूळ खत घेते, मूठभर लाकडी कोळशाचे तुकडेही टाकते. परलाइट महाग वाटला तर भाताचं भाजलेलं तूस चालतं. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात मूळचेच सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात आणि स्वस्त विटांमध्ये ते भरपूर राहिलेले असतात. सुपर फॉस्फेट घालू नका, त्यात फ्लोराइड असतं.

कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन बोटंच मोठी हवी. "एकदाच मोठी कुंडी घेऊ, पुन्हा बदलायला नको" असं केलं की मुळं नसलेली भरपूर माती आठवडेच्या आठवडे ओली राहते.

पाणी कधी द्यायचं याचं वेळापत्रक करू नका. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची सवय इथे घातक ठरते. अगरबत्तीची जळून उरलेली काडी किंवा साधी बांबूची काडी मातीत खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. खालचं टोक ओलं आणि माती चिकटलेलं असेल तर थांबा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली तर काडीचीही गरज उरत नाही. द्यायचं तेव्हा खालून वाहून जाईपर्यंत द्या आणि थाळीतलं पाणी ओतून टाका. महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी सावकाश ओतून साचलेले क्षार धुऊन काढा.

पावसाळा आणि थंडी

हवा दमट झाली की कॅलेथिया जुलैत खूश होतं हे खरं. पण मुळं कुजण्याचे दिवसही हेच. आभाळ भरलेलं, प्रकाश कमी, हवेची तहान जवळजवळ शून्य. मे महिन्यात चार दिवसांत सुकणारी कुंडी जुलैत दहा-बारा दिवस ओली राहते, आणि आपला हात मात्र मेच्या सवयीने चालतो. कुंडीभोवती उडणारी बारीक काळी चिलटंही याच दिवसांत येतात. मातीचे वरचे दोन इंच नीट सुकू दिले आणि एक पिवळा चिकट सापळा लावला की ती आटोक्यात येतात.

डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिकला रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. पंधरा अंशांच्या खाली कॅलेथियाची वाढ थांबते. खिडकीच्या काचेपासून आत सरकवा, पाणी कमी करा, खत पूर्ण बंद.

खिडकी कुठली

इंटरनेटवर "दक्षिणेची खिडकी सगळ्यात प्रखर" असं वाचायला मिळतं. ते युरोप-अमेरिकेसाठी बरोबर आहे. महाराष्ट्रात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरतच नाही. ते शिरतं डिसेंबरात, सूर्य खाली असताना. आपल्याकडची खरी धोक्याची खिडकी पश्चिमेची. मार्च ते मे, दुपारी तीन ते सहा, तिरपं तापलेलं ऊन थेट आत येतं आणि कॅलेथियाच्या पानावर तासाभरात फिकट पांढुरके चट्टे पाडतं. पूर्वेची खिडकी सर्वोत्तम, उत्तरेचीही चांगली.

पण खिडकी टाळायची म्हणून झाड टीव्हीच्या कोपऱ्यात ठेवू नका. आपले डोळे अंधाराला सरावतात, त्यामुळे घरातला प्रकाश आहे त्याहून कितीतरी जास्त वाटतो. लक्स हे प्रकाश मोजायचं माप. दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या वर प्रकाश असतो, खोलीत खिडकीपासून दोन मीटरवर तो तीन-चारशेवर आलेला असतो. तेवढ्यावर कॅलेथिया नुसतं तग धरतं. दीड-दोन हजार लक्स दिवसभर मिळाला की नवी पानं काढू लागतं. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप अचूक नसलं तरी दोन जागांची तुलना करायला पुरतं. तेही नको असेल तर दुपारी झाडाच्या जागी कोऱ्या कागदावर हाताची सावली पाडून बघा. कडा धूसर पण बोटं ओळखू येणारी सावली पडली तर जागा योग्य.

कुठली बाजू बिघडली

सुरळी झालेलं पान बघून पाणी ओतायच्या आधी काडी मातीत घाला. माती कोरडी, कुंडी हलकी, पान सुरळी, तर झाड खरंच तहानलेलं आहे. पाणी द्या, काही तासांत पान उघडेल. माती ओली असूनही पान सुरळी किंवा देठ लोळलेले, आणि खालून दोन-तीन पानं एकदम पिवळी, तर मुळं गेली आहेत. आता पाणी म्हणजे शेवटचा घाव. माती ठीक, झाड ताठ, नुसत्या कडा आणि टोकं तपकिरी, तर हवा किंवा क्षार. नवं पान उलगडताना अडकून फाटत असेल तर हवा कोरडी आहे. सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं पडत असेल तर त्याचं आयुष्य संपलं, एवढंच. करपलेला भाग पुन्हा हिरवा कधीच होत नाही. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका, उपायानंतर आलेलं पान बघा.

मुळं कुजल्याची शंका असेल तर झाड काढून बघण्याला पर्याय नाही. कुंडीतून काढून नळाखाली हलक्या हाताने माती धुवा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात. कुजलेली काळपट, बोटांत धरली की साल निसटते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो, वास येतो. मुळांच्या टोकाला लहान बटाट्यासारख्या फुगीर गाठी दिसल्या तर घाबरू नका. कॅलेथियाच्या बऱ्याच जातींत त्या असतातच, त्यात झाड पाणी आणि अन्न साठवतं. त्या रोगाच्या गाठी समजून लोक कापून टाकतात आणि झाडाची शिल्लकच घालवून बसतात. टणक असतील तर ठेवा.

कुजलेलं सगळं स्वच्छ कात्रीने कापा. मुळं अर्धी गेली असतील तर पानंही त्या प्रमाणात कमी करा, कारण उरलेल्या मुळांना सगळी पानं पोसता येणार नाहीत. नव्या मिश्रणात, लहान कुंडीत लावा, वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवा. पिशवीच्या आत हवेची तहान जवळपास संपते आणि मुळांना सावरायला उसंत मिळते. नवं पान निघेपर्यंत खत नको. घरात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी असते म्हणून ती ओतली जाते, पण मुळकुजीला पुष्कळदा जबाबदार असणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवावर ते चालत नाही. नाशिकचे द्राक्ष बागायतदार भुरी आणि केवडा या द्राक्षावरच्या दोन रोगांना वेगवेगळी औषधं वापरतात, त्याचं कारण हेच. पिथियम केवडा रोगाच्या जंतूच्या जवळच्या नात्यातला.

लाल कोळी

उन्हाळ्यात कॅलेथियाचा सगळ्यात मोठा शत्रू. पानावर बारीक फिकट ठिपके पडतात, रंग मळकट होतो, देठाच्या बेचक्यात धुळकट जाळं दिसतं. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके मिनिटभर बघत राहा. त्यातले काही चालू लागले तर ते कोळी.

कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे मावा-तुडतुड्यांवरचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही, उलट कोळ्यांना खाणारे कीटक मेल्याने त्यांचा जोर वाढू शकतो. झाड न्हाणीघरात नेऊन हँड शॉवरने पानांची खालची बाजू जोरात धुणं हा पहिला आणि निम्मं काम करणारा उपाय. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलि भांडी घासायचं लिक्विड घालून खूप हलवा आणि संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून दोन दिवस वाट बघा. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि औषध अंड्यांवर फारसं चालत नाही, म्हणून दर चार-पाच दिवसांनी असं निदान चार वेळा करावं लागतं. एकदा फवारून "फरक पडला" म्हणून सोडलं की आठवड्यात सगळे परत.

पिठ्या ढेकूण देठाच्या खोबणीत कापसासारखा दिसतो. कानकाडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, आणि कुंडीवर मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात. फुलकिडे असतील तर पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसतात.

खत लागतं ते थोडंच. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात, मार्च ते ऑक्टोबर पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. केळीच्या साली, दूध, चहाचा चोथा यांपैकी काहीही कुंडीत टाकू नका. घरातल्या कुंडीत ते सडतं आणि चिलटांना बोलावतं.

इतर नाजूक झाडं

अ‍ॅलोकेशिया आपल्या अळूच्या कुळातलं. सकाळी त्याच्या पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबतो, तो रोग नाही. रात्री मुळं पाणी चढवत राहतात आणि जास्तीचं पाणी पान बाहेर टाकतं. थंडीत ते एकेक पान टाकत पूर्ण झोपतं. माती कोरडी ठेवून कंद सांभाळला तर उन्हाळा लागताना पुन्हा फुटतं. अळूसारखीच त्याच्या रसाने खाज येते, त्यामुळे लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात उंचावर ठेवा. कॅलेथिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही.

फिडल लीफ फिग पश्चिम आफ्रिकेतलं, आणि वड-पिंपळ-उंबराच्या प्रजातीतलं. लोक ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवतात आणि पानं गळली की नवल करतात. त्याला सावली नको, भरपूर उजेड हवा. बाल्कनीत सकाळचं ऊन मिळालं तर ते तुमच्या डोक्याच्या वर जाईल. जागा मात्र सारखी बदलू नका.

फॅलेनॉप्सिस ऑर्किड मातीत लावणं म्हणजे त्याला पुरणं. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाला फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी त्या ऑर्किडची मुळं सालीवर उघडी पसरलेलीही पाहिली असतील. कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे एवढंच त्याला पुरे. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असतील तोवर थांबा.

कॅलेथिया विकत घ्यायचं तर जून-जुलैत घ्या. नर्सरीच्या शेडनेटमधल्या दमट हवेतून तुमच्या घरातल्या हवेत येताना त्याला सगळ्यात कमी धक्का तेव्हा बसतो, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत मुळं पसरायला आठ-नऊ महिने मिळतात. एप्रिलमध्ये सवलतीत मिळालं तरी घेऊ नका. घेताना पानं उलटून बघा, देठाच्या बेचक्यात जाळं किंवा कापूस नाही ना ते पाहा, कुंडीच्या छिद्राला नाक लावून वास घ्या, आणि घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून वेगळ्या खोलीत ठेवा.